ऐकावं की सोडावं

मी सात वर्षांची असताना माझा डावा कान गेला. गालगुंड झालं होतं. ताप उतरला, सूज उतरली, पण त्या बाजूचा आवाज बंद झाला तो झालाच. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. मालेगावात आमच्या घराच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता. वडील तिथे चार माग सांभाळायचे, आई घरी सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात सगळेच ओरडून नाहीतर हातवारे करून बोलायचे, त्यामुळे मला कमी ऐकू येतं हे शेवटी शाळेतल्या बाईंनी ओळखलं. आई एवढंच म्हणाली, "एक कान शे ना? मंग झायं."

आता मी नाशिकला शाळेत गणित शिकवते आणि गेली नऊ वर्षं इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत नव्या पॉप आणि जॅझ अल्बमांवर लिहिते. सदराचं नाव 'ऐकावं की सोडावं'. तीनशे शब्द, आणि शेवटच्या ओळीत निकाल. संपादकांना सुरुवातीला तारे हवे होते, पाचपैकी किती वगैरे. मी म्हटलं, "सर, आठवडाभर मी मार्कच देते. रविवारी तरी नको."

कानाबद्दल मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. लपवलं असं म्हणणार नाही. पण सांगितलंही नाही, आणि या दोन्हींत फारसा फरक नसतो हे मला कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच एका जॅझ ग्रुपचा पहिला अल्बम आला. सॅक्सोफोन वाजवणारे गृहस्थ पेशाने दातांचे डॉक्टर, माणूस लोकप्रिय. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये प्रकाशन झालं, शहरातली निम्मी ओळखीची माणसं तिथे होती. नाशिकमध्ये कुणी जॅझ वाजवतंय याचाच सगळ्यांना एवढा आनंद झाला होता, की ते कसं वाजवतायत हे विचारणं वाईट दिसलं असतं. मी घरी येऊन अल्बम तीन वेळा ऐकला. मग लिहिलं की ड्रमर दर वळणाला घाई करतो, सॅक्सोफोन एकही जागा मोकळी सोडत नाही, पियानो दुबळा आणि लांब गेल्यासारखा वाटतो. चौथी रचना तेवढी चांगली आहे. निकाल: सोडावं.

मंगळवारी संपादकांचा फोन आला. शाळा सुटल्यावर गेले, तर त्यांच्यासमोर डॉक्टर बसलेले. आमच्या शाळेतलं कुणीतरी त्यांचं पेशंट होतं, त्यांच्याकडून डॉक्टरांना माझ्या कानाचं समजलं होतं. आवाज न चढवता ते म्हणाले, "मॅडम, आम्ही सहा महिने खपून हे मिक्स केलं. डावीकडे पियानो, उजवीकडे गिटार. तुम्हाला डावीकडचं ऐकूच येत नाही. अर्धा अल्बम न ऐकता तुम्ही निकाल कसा दिलात?"

माझे कान लाल झाले, दोन्ही. प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून जास्त लागला. मी सांगितलं की फोनमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एकाच कानात सोडायची सोय असते, मी नेहमी तसंच ऐकते.

"म्हणजे आम्ही जसं बनवलं तसं नाहीच."

"नाही. तसं नाही."

डॉक्टर गेल्यावर संपादकांनी चहा मागवला. मग म्हणाले, "एक छोटासा खुलासा छापू. आणि काही दिवस सदराला विश्रांती देऊ."

"खुलासा मीच लिहिते," मी म्हटलं. "सदरातच. विश्रांती नको."

"मग निदान दर वेळी नावाखाली एक ओळ टाकू, की लेखिका एका कानाने ऐकतात."

"टाका. अग्रलेखाखाली तुमच्या चष्म्याचा नंबरही टाका."

ते हसले नाहीत, मीही नाही. पण लेख छापायचं त्यांनी कबूल केलं, त्या ओळीसकट.

घरी आले तेव्हा राग ओसरला होता आणि भीती वाटत होती. त्यांचं खरं असेल तर? मी मुलीला बसवलं. ती कॉलेजात आहे, तिचे दोन्ही कान शाबूत आहेत. तिला अल्बम माझी टिपणं न दाखवता ऐकवला आणि काय ऐकू येतं ते बोलत राहायला सांगितलं. दुसऱ्या रचनेला ती म्हणाली, "पियानो मस्त भरून येतोय गं, आई." मी हेडफोन घेतला. माझ्या एकत्र केलेल्या आवाजात तोच पियानो पातळ झाला होता. दोन बाजूंचे आवाज मिसळताना कधीकधी एकमेकांना खाऊन टाकतात, हे मी नंतर वाचलं. म्हणजे पियानोबद्दल मी चूक लिहिलं होतं. पुढे ती म्हणाली, "हा ड्रमवाला मात्र बसची वेळ झाल्यासारखा वाजवतो." ते मी तिला सांगितलं नव्हतं, आणि माझं सदर ती वाचत नाही.

त्या रविवारी मी सगळं लिहिलं. मला कुठलं वाद्य कुठल्या बाजूला आहे ते कधीच कळत नाही, कळणार नाही. पियानोबद्दल मी चुकले, त्या वादकाची माफी मागते. आणि हेही, की चार मागांच्या चार वेगवेगळ्या लयींच्या शेजारी मी अठरा वर्षं झोपले, उठले, अभ्यास केला. त्यातला एक माग अडखळला तर वडिलांच्या आधी मला कळायचं. ड्रमर घाई करतो की नाही हे ठरवायला मला दुसरा कान लागत नाही. अल्बम आणखी चार वेळा ऐकला आहे. निकाल तोच: सोडावं.

पत्रं आली. दोघांनी लिहिलं की अशा बाईला लिहायला देणं हा वाचकांचा अपमान आहे. चांदवडच्या एका निवृत्त शिक्षकांनी फोनमधली ती सोय नेमकी कुठे सापडते ते विचारलं. त्यांचाही एकच कान चालत होता आणि इतकी वर्षं ते अर्धीच गाणी ऐकत आले होते. मी त्यांना फोन करून एकेक पायरी सांगितली. सदर चालू राहिलं. नावाखालची ओळ दोन महिने छापली गेली, मग जागा कमी पडते म्हणून त्यांनीच काढली. मी परत घालायला लावली.

मध्यंतरी एका लग्नात डॉक्टर भेटले. माझ्या डाव्या बाजूला उभे राहून काहीतरी बोलले असावेत. मी वळले नाही, तेव्हा ते फिरून उजवीकडे आले.

"पियानोचं लिहिलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण पुढचा अल्बम तुम्हाला पाठवणार नाही."

"नका पाठवू," मी म्हटलं. "माझी मी ऐकेन."