मासेवालीचा प्रश्न

घरचे मला मासळी आणायला पाठवतात, कारण बाजारातली मावशी मला फसवत नाही. गरजच नसते, ती देईल ते मी घेतो.

पूर्वी निवडणुकीत मासळीबाजारासमोर सभा व्हायची. उमेदवाराचं बोलणं संपलं की मावशी कोयती खाली ठेवून विचारायची, "मोडकी जेटी कवा बांधणार?" त्याला घाम फुटायचा, पण उत्तर द्यावंच लागायचं.

यंदा सभाच नाही. भोंगा लावलेला टेम्पो फिरतो. परवा मावशीनं टोपली रस्त्यात ठेवून तो अडवला.

"माझ्या सुनेचा पाय मोडला त्या जेटीवर. बोल आता!"

"मावशी, मी डायवर. आवाज रेकॉर्ड केलेला हाय."

"मग इचारू कुणाला? भोंग्याला?"

भोंगा विकासाबद्दल बोलतच राहिला. मावशी आम्हा गिऱ्हाइकांकडे वळली. "तुमी शिकलेली माणसं ना? तुमी तरी इचारा!"

सगळे टोपलीतल्या माशांकडे बघू लागले. संतापानं माझे कान तापले होते. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "बांगडे कसे दिलेस?"

"तुमाला नाय देणार," मावशी म्हणाली.

घरी सांगितलं, आज मासळीच आली नव्हती.