नितेशच्या गाडीला मी दिलेले पॅड

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. ह्यांना नाही. माझ्या आईलाही नाही — ती आजारी असताना तिच्या उशाशी बसून एकदा ओठांपर्यंत आलं होतं, पण नाही. मला तसंही बोलायची भीती वाटते. चार माणसं जमली की मी आत जाते. लिहायला मात्र जमतं. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर चांगलं होतं, असं बाई म्हणायच्या.

कुठून सुरू करू? नितेशपासूनच करते.

नितेश माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन चिंचणीला आले तेव्हा नऊ वर्षांचा होता. सासूबाई आधीच गेलेल्या, घरात बाईमाणूस नव्हतं. त्याला माशाचे काटे काढून मी भरवलं, शाळेच्या शर्टाची बटणं मी लावली. पुढे तो तारापूरच्या एका कारखान्यात कामाला लागला, मिशा आल्या, तरी जेवायला बसला की म्हणायचा, "वहिनी, काटा लागला तर तू जबाबदार हाय!" मला स्वतःचं मूल झालं नाही. पण ते कधी फार जाणवलं नाही — तो होता ना.

आमचं गॅरेज पाम गावाजवळ, रस्त्याला लागून. टेम्पो, रिक्षा, कारखान्यांच्या गाड्या, सगळ्यांची ब्रेकची कामं हे करतात. मी आतल्या खोलीत फळ्यांपाशी बसते आणि मागतील तो माल काढून देते. मला तिथे आवडतं. कोणाशी फार बोलावं लागत नाही.

आता ऐका. एकदा एका ड्रायव्हरने खोक्यावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, इसपे क्या लिखा है?" मी खोक्याच्या रंगावरून ओळखून सांगितलं. बरोबर निघालं. हे लगेच म्हणाले, "बघितलं? आमच्या हिला इंग्रजी वाचता येतं!" मला इंग्रजीतले आकडे येतात, चार-पाच अक्षरं येतात, बस. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण ह्यांच्या तोंडावर काय कौतुक होतं! माझं असं चारचौघांत कौतुक कधी झालंच नव्हतं. मी गप्प राहिले. पुढे हे प्रत्येकाला सांगत गेले, आणि मी खोकं डोळ्यांसमोर धरून ओठ हलवत गेले. बरीच वर्षं.

नितेशने गाडी घेतली ती जुनी, पण साधी नव्हे. मोठ्या इंजिनाची, पळवायची गाडी. दक्षिणेत कुठे शर्यतीचा रस्ता आहे, तिथे पैसे भरून आपली गाडी पळवता येते, तिथे न्यायची त्याची इच्छा. इंजिन एवढं जोराचं, तर ब्रेकही तसेच हवेत. महिनाभर तो मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसायचा आणि डिस्कची चित्रं दाखवायचा. डिस्क म्हणजे चाकाच्या आतली लोखंडी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून चाक थांबवतात ते पॅड. एक डिस्क भोकाभोकांची, एक खाचा पाडलेली, एक साधी.

"ही भोकांची बघ वहिनी, काय दिसते!"

"चाळणी दिसते," मी म्हटलं. "खाऱ्या हवेत भोकाभोकाला गंज धरेल. साधी घे."

"दादा, ऐकलंस? वहिनीने माझ्या डिस्कची चाळणी केली!"

हसून हसून पुरेवाट झाली आमची. शेवटी त्याने साधीच घेतली, चांगली जाड. मी सांगितलं म्हणून. ते दिवस फार छान होते. एवढ्या मोठ्या गाडीच्या बाबतीत कोणी मला विचारतंय, याचं मला किती अप्रूप होतं, कसं सांगू?

पॅड मात्र त्याने दोन जोड्या मागवल्या. एक रोजच्या रस्त्यासाठी, एक शर्यतीसाठी. दोन्ही खोकी एकाच रंगाची. मला म्हणाला, "नीट ठेव हां, वर लिहिलंय कुठलं काय ते." मी म्हटलं, हो.

शनिवारी हे गाडी घेऊन बसले. डिस्क चढल्या. बाहेरून ह्यांची हाक आली, "पॅड दे गं, रस्त्याचे!" नितेश कामावर होता, आणि कारखान्यात मोबाइल गेटवरच ठेवून घेतात. दोन्ही खोकी माझ्यासमोर. दोन्हींवर इंग्रजी. मी ओठ हलवले. मग खोकी उघडली आणि दोन्ही पॅडवर अंगठ्याचं नख ओढून बघितलं. आमच्याकडे टेम्पोचा माल असाच बघतात — नख उमटलं तर माल हलका, लवकर झिजणार. नाही उमटलं तर चांगला. एकावर उमटलं, एकावर नाही. नितेशला हलका माल कसा देऊ? मी कडक जोडी उचलून दिली. ह्यांना जवळचं दिसत नाही, आणि चष्मा लावायचा नसतो. त्यांनी खोकं बघितलंही नाही. बसवून गाडी अंगणात पुढे-मागे करून पाहिली. एवढ्या हळू चालवताना काय कळणार?

रविवारी सकाळी नितेश गाडी घेऊन निघाला. थंडीचे दिवस. तिसऱ्या-चौथ्या वळणावर समोर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता. नितेशने ब्रेक दाबला — गाडी थांबेना. टेम्पो चुकवायला त्याने गाडी वाडीच्या कुंपणात घातली, ती चिकूच्या झाडावर गेली. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला.

दुपारी मी पेज घेऊन दवाखान्यात गेले. हे औषधं आणायला खाली उतरले होते. नितेश म्हणाला, "वहिनी, पॅड रस्त्याचेच होते ना?"

"हो."

"नाय, शर्यतीचे असते तर समजलो असतो. ते कडक असतात. तापले की धरतात, थंड असताना नुसते सरकतात."

कडक. तो बोलायचा थांबण्याआधीच मला सगळं कळलं होतं. त्याने पुन्हा विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, "नाय रे, रस्त्याचेच होते."

"मग माझाच पाय उशिरा पडला असेल," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात एकटी गेले. फळीवरची मऊ जोडी खोक्यासकट काढली आणि भंगाराच्या ढिगात खाली दाबून टाकली. पुढच्या खेपेला भंगारवाला ती घेऊन गेला. चेपलेली गाडीही तशीच विकली गेली. तिचे पॅड कोणी तपासले नाहीत. कशाला तपासतील? मी दिले होते ना.

लोक बोलायचे ते बोलले. शेजारच्या आक्का दारात येऊन म्हणाल्या, "गाडी नव्हती ती, विमान होतं! पोराला वहिनीने लाडावून ठेवलाय, दुसरं काय?" नितेश म्हणायचा, गाडी साठच्या वेगाने होती. लोक म्हणाले, शंभर. हळूहळू तोही म्हणायला लागला, जास्तच असेल. हे त्याच्यावर इतके चिडले की चार महिने नीट बोलले नाहीत. मी दोघांना वाढत होते, समोरासमोर बसवून.

आणि आणखी एक सांगायचं राहिलं. ती गाडी गेली तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं. आता हा घरी राहील, पळणार नाही, असं. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मला असं वाटत होतं. हे लिहिताना हात थांबतो. पण वाटलं होतं, हे खरं आहे.

त्याने पुन्हा तशी गाडी घेतली नाही. शर्यतीच्या रस्त्याचं नावही काढलं नाही. थोडा लंगडतो. कारखान्यात नवीन माणसं आली की सुरक्षेच्या बैठकीत त्याला उभं करतात, आणि तो स्वतःचं उदाहरण देतो — मला मस्ती होती, मी वेगात होतो. त्याला वाटतं, त्यातून दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाचेल. माझ्यावर त्याची माया तेवढीच आहे. बाजारातून येताना अजून माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणतो. बायकोला एक, मला एक.

गेल्या रविवारी त्याची मुलगी त्याच्या पायावरच्या व्रणावरून बोट फिरवत होती. पहिलीत आहे. "हे कसं झालं, बाबा?" तिने विचारलं. तो म्हणाला, "बाबा गाडी जोरात पळवत होते. बाबांची चूक झाली." तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं मुलं चुकलेल्या माणसाकडे बघतात. मी तिच्याच बाजूला बसून तिची वेणी घालत होते. मी वेणी पुरी केली, रिबीन बांधली.

बाबांची चूक नव्हती. तो वेगात नव्हता, त्याचा पाय वेळेवर पडला होता. पॅड मी दिले होते, न वाचता. आणि त्याने विचारलं तेव्हा खोटं बोलले, दोनदा. गेल्या रविवारी, वेणी घालतानाही, मी काही बोलले नाही.