शिवकांताच्या ओटाची प्रदक्षिणा

वाशी तालुक्यातल्या माळावर शिवकांताचं शेत. घरात सासू नागम्मा, गोठ्यात चार म्हशी, दूध सगळं खव्याच्या भट्टीला. नवरा टेम्पो घेऊन सदा बाहेरगावी, त्यामुळं शेताचा रंगमंच या दोघींच्याच ताब्यात.

हिवाळ्यात म्हशींना हिरवं मिळावं म्हणून शिवकांता ओट पेरायची. दिसायला गव्हाचा भाऊ, पण कापला की पुन्हा फुटणारा. आदल्या वर्षी दुकानातलं बियाणं उंच गेलं आणि वाऱ्यात आडवं झालं. जी मोजकी ताटं उभी राहिली, त्यांच्या लोंब्या तिनं वेचून ठेवल्या. यंदा विहिरीकडच्या तुकड्यात पुन्हा दुकानाचंच बी, चाऱ्यासाठी. बांधाकडच्या लहानशा वाफ्यात तिनं वेचलेलं. या वाफ्याला विळा लागणार नव्हता. त्याचं बी हाती आलं, की पुढच्या हिवाळ्यात उभा राहणारा ओट तिचा स्वतःचा.

दिवाळीनंतर थंडी वेळेवर आली. ओट तरारला, डोलला. मग मार्गशीर्षात आभाळ आलं आणि पडदा अडकावा तसं तिथंच थांबलं. सकाळी धुई, दुपारपर्यंत पानांवर दव. वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी विहिरीकडचा थोडा चारा कापून ती परतली, तर लुगड्याचा काठ नारिंगी झालेला.

"काय सूनबाई, सोनारीला भैरोबाचा गुलाल खेळून आलाव व्हय?" शेजारच्या शेतातून वीरप्पा ओरडले.

"गुलाल न्हाय मामा, तांबेरा हाय."

तांबेरा म्हणजे पानांवर नारिंगी पूड धरणारा, नुसत्या शिवण्यानं पसरणारा रोग. तशीच ती लांबून वळसा घालून बियाच्या वाफ्याशी गेली. बांधावरूनच वाकून पानं निरखली. अजून स्वच्छ होती.

पण दुसऱ्या दिवशी सण होता. विहिरीशेजारी कडब्याची कोपी उभी होती, त्या खोपटात पाच पांडवांचे दगड मांडून पूजा व्हायची. मग घोंगडी पांघरलेला गडी अंबिलाचं मडकं घेऊन पुढं, मागं घरचे आणि पाहुणे, उभ्या पिकातून अंबिल शिंपडत सगळ्या शेताला प्रदक्षिणा. कोपीपासून निघायचं म्हणजे आधी विहिरीकडचा तुकडा, मग बियाचा वाफा. दवानं भिजलेली धोतरं ती नारिंगी पूड उचलून थेट वाफ्यात नेणार.

"आत्याबाई, उद्या बियाच्या वाफ्यात कुणी शिरू नगा."

"मग अर्धीच परदक्षिणा?" नागम्मा कडाडल्या. "माझ्या सासूच्या सासूपास्नं चालत आलंय. म्या जित्ती असताना न्हाय व्हायचं."

शिवकांतानं कंदील उचलला आणि ती शेताकडं निघाली.

सकाळी नागम्मा डोक्यावर भाज्या-डाळींच्या भज्जीची आणि भाकरीची पाटी घेऊन शेतात आल्या, तर विहिरीशेजारची जागा मोकळी. कोपी बांधाकडं, बियाच्या वाफ्याला लागून उभी.

"अगं, कोपी कुनी हलवली?"

"पाय फुटले वैनी तिला," वीरप्पा हसले. "सून लई पुढारलीय तुमची."

शिवकांताच्या हातांवर कडब्याचे ओरखडे होते. ती हळूच म्हणाली, "परदक्षिणा पुरीच व्हतीय, आत्याबाई. बियाच्या वाफ्यातनं निघायचं, विहिरीकडं संपवायची. पंगत बी तिथंच, विहिरीपाशी."

नागम्मांनी कोपीकडं पाहिलं, वाफ्याकडं पाहिलं. पाटी खाली ठेवली.

"दगडं वाकडी मांडलीस बग. सरळ कर आदी."

अंबिल शिंपडलं गेलं. विहिरीपाशी पोचेपर्यंत पाहुण्यांची धोतरं नारिंगी झाली होती. वीरप्पा पंगतीत ती सगळ्यांना दाखवून हसवत होते. जेवून मंडळी विहिरीकडूनच रस्त्याला लागली. वाफ्याकडं कुणी वळलं नाही.

विहिरीकडचा रोगट चारा शिवकांतानं घाईनं कापून संपवला. तरी पुढं वाऱ्यानं थोडा तांबेरा वाफ्यात आणलाच. वाऱ्याला कोपी हलवून फसवता येत नाही. खालची पानं ठिपक्यांनी भरली. पण तोवर आभाळ फाकलं, कोरडं ऊन पडलं आणि रोग लोंब्यांपर्यंत चढायच्या आत थांबला.

होळीच्या आधी वाफा काढला. कडेचा दाणा पोचट निघाला. सुपातून तो उडून गेला. मधला भरला होता. नागम्मांनी तो राखेत कालवून आपल्या गाडग्यात भरला आणि तोंडाला फडकं बांधलं.

"पुढल्या साली कोपी तिथंच घाल," त्या म्हणाल्या.

"कुठं, विहिरीपाशी?"

"बियाचा वाफा असंल तिथं."