वायरीवरचं घरटं आणि दांडेलीचे धनेश

दिवाळीच्या माळेची वायर काढायची आमच्याकडून राहूनच गेली होती. मारतहळ्ळीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत ती तशीच लोंबत होती आणि होळीच्या सुमारास एका शिंजिराच्या मादीनं तिच्या टोकाला घरटं विणायला घेतलं. शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी, अंगठ्याएवढा जीव. नर झगमगीत आणि तोऱ्यात असतो. मादी आपली साधी, पोटाशी पिवळसर. कोळ्याची जाळी, सालपटं, वाळकी पानं, सगळं तीच आणत होती. नर समोरच्या शेवग्यावर बसून नुसता ओरडायचा. घरटं तयार झालं तेव्हा वायरीला कचरा अडकलाय असंच कुणालाही वाटलं असतं.

पुण्याहून इथे आल्यापासून नवरा आणि मी सुटीच्या दिवशी दुर्बीण गळ्यात अडकवून शहरातली तळी पालथी घालत आलोय. आता पक्षी आपण होऊन घरी आला होता. बाल्कनीत कपडे वाळत घालणं आम्ही बंद केलं. शेजारच्या अक्का रोज डोकावून विचारायच्या, "बाळंतीण कशी आहे गं?" अक्का निपाणीकडच्या, साठी ओलांडलेल्या. त्यांच्या मराठीत कन्नड कधी येऊन जातं ते त्यांनाही कळत नाही. मुलगा परदेशी, त्यामुळे घरात एकट्याच.

पिल्लं बाहेर आली आणि घरट्याच्या तोंडाशी दोन चोची दिसायला लागल्या, त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. पावसाळ्याआधी इमारत रंगवायची आहे, त्यासाठी भिंती पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुणार, बाल्कन्या मोकळ्या करा. आमच्या बाजूची सुरुवात सोमवारी.

मी तशीच सेक्रेटरींकडे गेले. ते आधी हसले, मग मी हसत नाही हे बघून म्हणाले, "सरी, ठीक आहे मॅडम, तुमची बाजू गुरुवारी घेऊ. त्यापुढे थांबता येणार नाही."

गुरुवारपर्यंत पिल्लं उडतील असा आमचा अंदाज होता. पण शनिवार ते बुधवार आमचं दांडेलीचं बुकिंग होतं. धनेश, म्हणजे हॉर्नबिल, बघायचे म्हणून कित्येक महिने आधी केलेलं. मी म्हटलं, रद्द करू या. नवरा आगाऊ भरलेल्या पैशांचा हिशेब करायला लागला.

अक्कांनीच निकाल लावला. "जावा की तुम्ही! किल्ली ठेवून जावा. मी हाय न्हवं का बघायला?"

दांडेलीला पहिल्याच सकाळी धनेशाचं घर बघायला मिळालं. उंच झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला कोंडून घेते, ढोलीचं तोंड लिंपून टाकते आणि आत अंडी उबवते. बाहेर फक्त चोचीपुरती फट. नर आला तो पंखांचा फासफूस आवाज करत. घशातून एकेक उंबर वर काढून त्यानं त्या फटीतून आत दिलं. मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते समोर घडत होतं, आणि माझ्या मनात येत होतं, निदान हिचं घर कुणी धुवायला येणार नाही.

जंगलात फोनला रेंज नव्हती. मंगळवारी दुपारी चहासाठी गावात आलो तेव्हा अक्कांचा आवाजी निरोप पोचला. मागे मोटारीची घरघर होती. "अगं, हे लोक आजच आलेत! वरून दोर सोडलाय बघ. मी सांगायलोय त्यांना, पण..." पुढे नुसती घरघर, आणि निरोप तिथेच संपला. मी उलट फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

बुधवारी पहाटेच निघालो. हुबळी, दावणगेरे, तुमकूर. एरवी आम्ही तारांवरचे पक्षी मोजत जातो, त्या दिवशी एकही मोजला नाही. वाटेत नवरा म्हणाला, "अगं, पाणी लागलं असेल तर घरटं टिकलंच नसेल. तयारी ठेव मनाची." मला त्याचा राग आला, कारण मीही तेच धरून चालले होते.

घरात शिरल्यावर चप्पल न काढताच बाल्कनीत गेले. भिंत स्वच्छ, फरशीवर पाण्याचे वाळलेले डाग. घरटं वायरीला होतं, पण एका बाजूला ओघळलेलं, आणि आत काही नव्हतं. खाली कुंड्यांमागे शोधलं. तिथेही काही नाही. अक्कांच्या दाराला कुलूप. मी बाल्कनीच्या उंबऱ्यावरच बसले.

थोड्या वेळानं लिफ्टचं दार वाजलं. अक्का भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि उघड्या दारातून माझं तोंड बघून तिथूनच ओरडल्या, "अगं, रडायलीस कशाला? आहेत दोघं! माझ्याकडं आहेत!"

मग सगळं कळलं. दोरावरचा माणूस फवारा घेऊन खाली आला तेव्हा अक्का आमच्या बाल्कनीत छत्री उघडून घरट्यावर धरून उभ्या होत्या. "स्वल्प तिकडं, अण्णा, स्वल्प तिकडं," म्हणत. तो बिचारा गोंधळला, मग हसला आणि कोपरा सोडून बाजूनं गेला. अक्का नखशिखांत भिजल्या. कमरेला खोचलेला फोनही भिजला, तो अजून तांदळाच्या डब्यात होता. आणि आज सकाळी पिल्लं आपली आपणच उडाली होती. लांब नाही, अक्कांच्या जास्वंदीपर्यंत.

आम्ही पावलं न वाजवता त्यांच्या खिडकीशी गेलो. जास्वंदीच्या एका फांदीवर दोन गोळे एकमेकांना चिकटून बसले होते, शेपट्या अजून तोकड्याच. मादी आली, दोन्ही चोची उघडल्या, तिनं एकीत काहीतरी कोंबलं आणि गेली. नवऱ्यानं सवयीनं दुर्बीण डोळ्याला लावली आणि इतक्या जवळचं काहीच दिसेना म्हणून खाली ठेवली. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मी त्यांना मिठी मारली. त्यांना ते फारसं आवडत नाही, पण त्या दिवशी त्यांनी मारू दिली. "पुरे गं," म्हणाल्या, "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

खाल्लं नव्हतं. त्यांनी गरम उप्पीट केलं, आणि मी दोनदा मागून घेतलं.