अंथुर्ण्याचा डिंक

"बसत न्हाय मास्तर, निघालोच हाय," असं म्हणून ते माझ्या उंबऱ्यात उभे राहत आणि पुढचे दोन तास तिथेच उभे असत. एक पाय आत, एक पाय बाहेर. बोलताना धोतराचा सोगा या हातातून त्या हातात जाई. माझी बायको चहा आणून देई, तोही ते उभ्याउभ्याच बशीत ओतून पीत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना खुर्ची दिली की ती तिच्या पाठीवर हात ठेवतात आणि बोलत राहतात.

आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू. पूर्ण नाव मी लिहीत नाही, त्यांच्या घरची माणसं अजून त्या भागात आहेत.

एकोणीसशे तीस सालानंतरची ती वर्षं. मी बारामतीच्या इंग्रजी शाळेत शिकवत होतो. तात्यांचं घर आणि थोडं बागाईत अंथुर्ण्याला. पण आठवड्यातले चार दिवस ते बारामतीत, पेठेतल्या आपल्या डिंकाच्या वखारीत. नीरेच्या नि भीमेच्या काठच्या बाभळींना उन्हाळ्यात डिंक सुटतो. धनगर आणि गावोगावच्या बाया तो काढून आणत, तात्या विकत घेत आणि पुण्याच्या एका व्यापाऱ्याला देत. पुढे त्याचं काय होतं, हे कोणी विचारत नसे. बाळंतिणीच्या लाडवात जात असेल, असाच सगळ्यांचा समज.

एकदा काही कामासाठी तात्या मुंबईला गेले आणि बंदर बघायचं म्हणून बंदरावर गेले. तिथे त्यांना आपली पोती दिसली. पोत्याचं तोंड त्यांची बायको तांबड्या दोऱ्यानं शिवत असे, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. हमाल ती पोती फोडून डिंक लाकडी खोक्यांत भरत होते आणि खोक्यांवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी हमालाकडून कोळशाचा तुकडा मागून घेतला आणि चित्र काढावं तशी ती अक्षरं आपल्या उपरण्यावर काढून आणली.

"वाचा," म्हणाले. उपरणं माझ्यासमोर धरून ते उंबऱ्यात नुसते नाचत होते.

लंडनच्या एका दलालाचं नाव आणि पत्ता होता.

"म्हंजी आपला डिंक बोटीत बसून विलायतेला जातुय, आन आपुन हितं टेसनावर चा पितुय! मास्तर, त्या मानसाला पत्र लिवा. मधी कुनी नको. त्यो तितं, आमी हितं."

मी तरुण होतो आणि माझ्या इंग्रजीचा मला फार अभिमान होता. मी चार पानी पत्र लिहिलं. त्यात त्या दलालाच्या कीर्तीचा सूर्य उगवला, आमच्या नम्रतेला पूर आला आणि डिंकाचा उल्लेख तिसऱ्या पानावर झाला. सोबत तात्यांनी निवडून निवडून काढलेला, मधाच्या रंगाचा मूठभर नमुना पाठवला. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. दोन खोकी पाठवा.

खोकी गेली. मग दुसरं पत्र आलं. ते मी वाचलं तेव्हा तात्या उंबऱ्यात उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लग्नाच्या पंगतीत ज्याचं पान वाढायचं राहिलंय त्या माणसाचा असतो तसा, नुसता वाट पाहणारा.

पत्रात लिहिलं होतं : साली. वाळू. एका खोक्यात तीन रंगांचा माल. नमुना एक आणि माल दुसरा. एक खोकं आम्ही फेकून दिलं आहे. तुमच्या देशात याला व्यापार म्हणत असतील तर कृपया आमच्याशी तो करू नका.

"काय म्हनत्यात?" तात्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "माल पोचला. यापुढे थोडा अजून निवडक पाठवा म्हणतात."

तात्या खूश होऊन गेले. त्यांनी बायांना सांगितलं, जरा बघून घ्या. बायांनी जरा बघून घेतलं. चार खोकी गेली. त्यानंतर लंडनहून काहीच आलं नाही.

तीन महिने तात्या दिवसातून दोनदा टपालकचेरीत जात. पुढेपुढे पोस्टमास्तर त्यांना लांबूनच हात हलवून "नाही" म्हणू लागले. तरी ते कचेरीपर्यंत येत, खिडकीतून आत बघत आणि परत जात. वखारीत त्यांचं लक्ष लागेना. गाडीची वेळ नसताना स्टेशनवर जाऊन फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. शेवटी एका सकाळी मला ते सोसवेना. मी पेटीतून ते पत्र काढलं आणि त्यात काय होतं ते सांगितलं.

तात्या खाली बसले. माझ्या उंबऱ्यावर त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"पुन्ना वाचा," म्हणाले. "सगळं. शिव्या गाळू नका."

मी तीनदा वाचलं. प्रत्येक शब्द मराठीत सांगितला. 'फेकून दिलं' यापाशी ते दर वेळी मान हलवत.

"मला वाईट वाटू ने म्हनून लपीवलं व्हय?"

मी पत्राची घडी घालू लागलो.

"मास्तर, मला वाईट वाटलं असतं तर डिंक साफ झाला असता." एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पाटी घेऊन दारात हजर. वय पंचेचाळीसच्या पुढे. "मला इंग्रजी शिकवा. तुमची चूक न्हाय, पर हितनं फुडं त्या मानसाचं बोलनं मला माझ्या कानानं आयकायचंय."

मी मुळाक्षरांनंतर गाय, मांजर, उंदीर यांचा धडा काढला. त्यांनी पुस्तक मिटलं. "मांजर कशाला पायजे? मांजर इकायचंय का मला? साल सांगा. वाळू सांगा. वलं, सुकं, उशीर, चूक." सहा महिने ते रोज शाळेआधी येत आणि माझ्या अंगणात येरझाऱ्या घालत शब्द पाठ करत. बार्क, सँड, वेट, ड्राय, लेट, माय फॉल्ट. आमच्या शेजारच्या म्हातारीला वाटलं, माणसाला काही लागीर झालं.

त्याच दिवसांत अंथुर्ण्यालाही एक शाळा भरत होती. तात्यांच्या अंगणातल्या निंबाखाली तीन पांढरी धोतरं अंथरलेली आणि भोवती बाया. फिका डिंक एका धोतरावर, मधाच्या रंगाचा दुसऱ्यावर, काळपट तिसऱ्यावर. मी एका रविवारी गेलो होतो. एक म्हातारी वैतागून म्हणाली, "डिंकाचा कसला रंग बघायचा वो तात्या? नवरी हाय का काय ती?"

"नवरीच हाय," तात्या म्हणाले. "एक दावली आन दुसरीच दिली. म्हनून त्यांनी परत धाडली."

बाया हसल्या. निवडीचं महत्त्व सगळ्यांत आधी कळलं ते तात्यांच्या बायकोला, काकींना. त्या कमी बोलत. कुऱ्हाडीनं खाच पाडली की साल डिंकात पडते, हे त्यांनी झाडापाशी उभं राहून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून बायांच्या हातात विळ्याचं टोक दिलं. खाली पडलेला डिंक उचलायचा नाही, हाही नियम त्यांचाच. त्यावरून दोन बाया भांडून गेल्या आणि आठवड्यानं परत आल्या.

मग तात्यांनी लंडनला पत्र लिहिलं. मला फक्त तिकीट किती लावायचं ते विचारलं. पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, ते असं : 'फर्स्ट लॉट बॅड. माय फॉल्ट. सेकंड लॉट बॅड. माय फॉल्ट. नाऊ प्लीज सी.' खाली सही. सोबत चार पुरचुंड्या. तीन रंगांच्या तीन, आणि चौथीत जुना, सालीवाळूचा डिंक. तिच्यावर लिहिलं होतं, 'धिस वुई नो मोअर सेंड.'

मी म्हणालो, "तात्या, वाईट माल कोणी स्वतःहून दाखवतं का?"

"त्येनं त्यो बघितलाच हाय की. मलाबी त्यो वाईट दिसतुय, येवडं त्येला कळू द्या."

माझ्या चार पानांनी जे झालं नव्हतं ते त्या चार ओळींनी झालं. उत्तर आलं, या वेळी हातानं लिहिलेलं. म्हातारा दलाल लिहीत होता, की चाळीस वर्षांत इतकं स्पष्ट पत्र मला हिंदुस्थानातून आलेलं नाही. मधल्या रंगाची सहा खोकी पाठवा. शेवटी लिहिलं होतं, कधी लंडनला आलात तर जरूर भेटा. तात्यांनी ते एकेक अक्षर लावत स्वतः वाचलं. घामाघूम झाले.

त्यानंतर दोन-तीन हंगाम नीट गेले. दुसरा कोणी असता तर स्वस्थ झाला असता. तात्यांना मात्र त्या शेवटच्या ओळीनं पछाडलं.

"त्यो या म्हनतुय."

"तात्या, तसं सभ्यता म्हणून लिहितात."

"मग आपुन सभ्यता म्हनून जाऊ." मग जरा थांबून म्हणाले, "आवो, ह्या डिंकाचं त्ये काय करत्यात त्येच मला ठाव न्हाय. इतकी वरसं इकतुय. कोन खातं, कुटं लावत्यात, कशाला फिका पायजे, कशाला मधाचा? न बघता कसं शिकायचं?"

पुण्याला खेपा घालून त्यांनी विलायतेला जायचा परवाना काढला. तिथल्या लष्कर भागातल्या शिंप्याकडून लोकरी विजार शिवून घेतली. ती घातल्यावर बसता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मी म्हटलं, तुमची त्यात काय अडचण? बारामतीच्या त्या लहानशा गाडीत मी आणि काकी त्यांना बसवून द्यायला गेलो. ते सारखे खाली उतरत होते. गार्डनं शिट्टी दिल्यावर चढले आणि दारातच उभे राहिले. काकी म्हणाल्या, "आत बसा की." गाडी हलली होती. त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

लंडनहून त्यांचं एक मोठं पत्र आलं. ते मी अंथुर्ण्याला नेऊन निंबाखाली सगळ्या बायांना वाचून दाखवलं. 'हितं मालाची तारीफ केली की समोरचा मानूस संशय घेतो. मी आदी लई तारीफ केली. म्हाताऱ्यानं माझ्या पायावर पाय दिला. आता गप बसतो. डिंक पान्यात इरगळवत्यात, काचंच्या भांड्यातनं उजेडाकडं धरत्यात आन मान हालवत्यात, तेवडंच बोलनं. धाची येळ दिली व्हती, मी साडेनवालाच जाऊन पावसात हुबा. म्हातारा म्हनला, लवकर येनं बी चूकच हाय. त्येनं मला गोळ्यांच्या कारखान्यात नेलं. पोरं चघळत्यात त्या गोळ्या. मोट्या कढया, पांडऱ्या टोप्या घातलेल्या बाया. तितं आपला डिंक बघितला. फिका गोळ्यांला, मधाचा पाकिटाच्या कडंला लावायला. भागूबाईला सांगा, तिनं निवडल्याली नवरी चांगल्या घरी पडली.'

भागूबाई म्हणजे ती वैतागलेली म्हातारी. तिनं ते वाक्य माझ्याकडून चारदा वाचून घेतलं.

पत्रासोबत पुढच्या हंगामाची मागणी होती, आधीच्या तिप्पट. काकींनी ती पुरी केली. भीमेकाठच्या डाळजेकडच्या बायाही बोलावल्या, खोकी मुंबईला पोचवायला स्वतः गेल्या. ती बोट वेळेवर सुटली आणि माल पसंत पडला, हे आम्हांला मागाहून कळलं. त्याच्या पुढच्या वर्षी लढाई लागली आणि मग सगळंच थांबलं.

पण खोकी रवाना झाल्यानंतर आठवडाभरानं म्हाताऱ्या दलालाचं पत्र माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं. तात्यांना थंडी बाधली होती. न्यूमोनिया झाला. इस्पितळात पाच दिवस होते. परिचारिका रागावत असूनही ते खाटेवरून उठून खिडकीपाशी जात, असं त्यानं लिहिलं होतं. तिथल्या काही हिंदू विद्यार्थ्यांना त्यानं शोधून आणलं आणि तात्यांचं दहन केलं. तो स्वतः तिथे शेवटपर्यंत उभा होता.

मी भाड्याची बैलगाडी करून अंथुर्ण्याला गेलो. रस्ताभर काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. काकी अंगणातच होत्या. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्या भिंतीला टेकून बसल्या.

"वाचा," म्हणाल्या.

मी वाचलं. एक ओळ इंग्रजीत, एक मराठीत. खिडकीची ओळ पुन्हा वाचली.  

मग त्यांनी विचारलं, "सरणाला लाकूड कशाचं व्हतं?"

मी पत्र उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"लिहिलेलं नाही, काकी."

त्यांनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. माझ्या गाडीचे बैल उन्हात जुंपलेलेच होते. त्यांच्याकडे बघत त्या उठल्या, गाडीवानाला म्हणाल्या, "सोड त्यास्नी," आणि बादली घेऊन विहिरीकडे गेल्या.