शुक्रवारी बी देत नाय

आमच्या घरात बाजारातून दोनच वस्तू यायच्या, मीठ आणि रॉकेल. बाकी सगळं शेतातलं. हे काही मी कौतुकानं सांगत नाही. येईल त्या पाहुण्याला अण्णा, म्हणजे माझे वडील, हे वाक्य ऐकवायचे, आणि ते आठवलं की मला अजूनही मान खाली घालावीशी वाटते.

बिडकीनच्या पुढं, ओढ्याच्या काठाला आमचा जमिनीचा लहानसा तुकडा होता. विहीर होती, एक बैलजोडी, एक म्हैस. खायला ज्वारी, डाळीला तूर, तेलाला करडई. न्हाणीचं पाणी केळीला जायचं आणि केळीजवळच पपई आणि शेवगा. दोरखंडासाठी अंबाडी लावलेली होती, तिच्याच पाल्याची भाजी आणि तिच्याच बोंडांची चटणी. डोक्याला रिठे, अंग घासायला वाळलेला दोडका. चुलीतल्या राखेनं भांडी घासायची आणि दातही. चहाची पत्ती विकत मिळते म्हणून अण्णांनी ती घरात येऊच दिली नाही. गवती चहा आणि गूळ उकळून पाहुण्यापुढं ठेवायचे आणि वर म्हणायचे, "घरचा हाय." पाहुणा बिचारा पहिल्या घोटानंतर आपल्या घराची वाट धरायला बघायचा.

अण्णांचं हे वेड कुठून आलं ते आम्हाला ठाऊक होतं. पोलिस ॲक्शनच्या आधी रझाकारांच्या भीतीनं त्यांचं घरदार नगरकडे पळून गेलं होतं. तिथं कुणाच्या तरी गोठ्यात राहिले आणि मागून आणलेलं खाल्लं. परत आल्यावर त्यांनी ठरवलं की या घरात आता उसनं येणार नाही. ठरवलं अण्णांनी, आणि निभावलं मायनं. मोठेपणा एकाचा असला की राबणं बहुतेक दुसऱ्याच्या वाट्याला येतं.

माय हाताची फार मोकळी होती. दारात आलेली बाई रिकाम्या ओच्यानं परत गेली असं मी पाहिलं नाही. पदरात चार शेंगा, मूठभर मिरच्या, काहीतरी घालायचीच. आणि बी जपावं तर तिनंच. खळ्यावर सगळ्यात टपोरी कणसं ती स्वतः निवडायची, हातानं चोळून दाणे काढायची, राखेत घोळवून, कडुनिंबाचा पाला घालून दोन मडक्यांत भरायची आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकायची. दगडी जातीची ती ज्वारी आजोबांच्या आधीपासून आमच्या घरात होती. ती मडकी पेरणीपर्यंत कुणी हलवायची नाहीत.

त्या वर्षी श्रावणात अक्काला, माझ्या मोठ्या बहिणीला, बघायला लासूर स्टेशनकडची मंडळी आली. तिघं येणार होते, गाडीतून सात जण उतरले. संध्याकाळी धो धो पाऊस लागला, ओढ्याला पाणी आलं आणि मंडळी अडकली. एक मुक्काम झाला, दुसराही होणार असं दिसायला लागलं. श्रावणात कणगीचा तळ तसाही दिसायला लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मायनं कणगीत हात घातला आणि तळ खरवडून चार पसे ज्वारी काढली.

तिनं अण्णांना आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "अहो, शेजारून शेरभर पीठ आणते. नवी सुगी आली की देऊ."

अण्णांनी आवाज दाबून सांगितलं, "सगळं घरचं हाय म्हणून सांगितलंय मी. आन् ताटात शेजाऱ्याचं वाढू? तू बघ कसं ते. पर उसनं नाय."

एवढं बोलून ते ओसरीवर गेले. पीठ कुठून येणार हे त्यांनी विचारलं नाही.

मायनं मडक्याचं लिंपण फोडलं. आम्ही दोघी बहिणींनी ती ज्वारी धुतली. न्हाणीतून राखेचं पाणी वाहत होतं आणि बाहेर कुणाला दिसू नये म्हणून अक्का त्यावर वरून चांगलं पाणी ओतत होती. चुलीजवळ फडक्यावर दाणे पसरून सुकवले आणि मग माय नि अक्का जात्यावर बसल्या. जिला बघायला मंडळी आलेली, तीच त्यांच्यासाठी घरातलं बी दळत होती. रात्रीच्या जेवणाला एक मडकं गेलं, तिसऱ्या दिवशी सकाळच्या जेवणाला दुसरं. भाकरी मायनं अशा थापल्या की मंडळी मागून मागून जेवली.

त्या दुपारी ओढा उतरला. पोरगी पसंत झाली, बैठक मोडायची वेळ झाली. तेव्हा मुलाचे वडील, पुढे अक्काचे सासरे झाले ते, सुपारी कातरत म्हणाले, "तुमची भाकर लई गोड. बियाणं कुठलं?"

"घरचं," अण्णा म्हणाले. "आजाच्या बी आधीचं."

"मग द्या की मूठभर. सोयरीक झाली, आमच्या रानात बी तुमचं बी पेरू."

आमच्याकडे हीच रीत आहे. सोयऱ्यानं बी मागितलं तर ते देतात, तो मान असतो. अण्णांची छाती फुगली. त्यांनी ओसरीवरूनच हाक मारली, "अगं, ज्वारीचं बी आण शेरभर."

मी माजघराच्या दारात उभी होते. माय चुलीपाशी होती. ती उठली, रिकाम्या मडक्याजवळ गेली, तिथून परत आली आणि दाराआडून म्हणाली, "आज नाय जमायचं. श्रावणातला शुक्रवार हाय. शुक्रवारी घरातलं बी भायेर देत नाय."

असली रीत आमच्यात नव्हती. ती तिनं उभ्या जागी तयार केली होती. पाहुणे एकमेकांकडे बघून हसले. सासरे म्हणाले, "ईहीणबाई जपणाऱ्या दिसतात."

अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांसमोर ते मायला नाही नाही ते बोलले. "माझ्या दारातून कुणी रिकामं गेलं नाय, आन् तू सोयऱ्याला मूठभर बी देईनास? लाज आण जरा." आणि रागारागानं स्वतःच आत आले. मी पाहिलं, त्यांनी पहिल्या मडक्यात हात घातला. मग दुसऱ्यात. हात तसाच आत ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मायकडे त्यांनी बघितलं नाही.

बाहेर जाऊन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बायामाणसांचे वार असत्यात. पुढं पाठवून देतो."

सोयरीक टिकली. खरं सांगितलं असतं तर बढाईखोर घर म्हणून ती तिथंच मोडली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पेरणीआधी माय माहेरी जाऊन आली आणि गाठोड्यातून बी घेऊन आली. आमची दगडी संपली ती संपलीच. अण्णा मात्र माहेरच्या त्या ज्वारीलाही "घरचं बी" म्हणत राहिले आणि आम्ही सगळे माना डोलवत राहिलो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची झाकली ती मायच्या नावावर. लासूरला ती "शुक्रवारची ईहीण" झाली. अक्काला सासरी टोमणा ठरलेला, मीठ कमी पडलं तरी कुणीतरी विचारायचं, "आज शुक्रवार का?" माय लेकीकडे गेली की सगळे तिला हसायचे आणि तीही पदर तोंडाला लावून हसायची. प्रत्येक सुगीला ती गाठोडं भरून बी लासूरला पाठवायची. पण नाव पडलं ते पडलं. जी बाई ओंजळी भरभरून देत जगली, ती सोयऱ्यांच्या घरात कंजूष म्हणून म्हातारी झाली. हे आठवलं की मला आमच्या सगळ्या घराची लाज वाटते, आणि ती काळानं कमी होत नाही.

माय गेली तेव्हा मी शहरात, औरंगपुऱ्यात राहत होते. अण्णा थकले होते, जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेली. तेराव्याला अक्काचे सासरे गावच्या घरी मुक्कामाला राहिले. तेही आता काठी टेकत चालत होते. संध्याकाळी मी भाकरी टाकल्या आणि वाढायला गेले.

पहिला घास घेऊन ते म्हणाले, "गोड हाय भाकर. घरचीच का ज्वारी?"

"घरचीच," मी म्हणाले.

"मग आता देशील का मूठभर? आज शुक्रवार तर नाय ना?"

पंगतीत सगळे हसले. प्रेमानंच हसले. अक्का हातात वरणाचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबली होती. आम्ही दोघींनी अण्णांकडे बघितलं. आता अक्काची लेकरं लग्नाला आली होती, मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. अण्णांनी भाकरी मोडली, कालवली आणि म्हणाले, "व्हय. हात जरा आखडताच व्हता तिचा."

अक्का वरण वाढत पुढं गेली. मी स्वयंपाकघरात आले आणि औरंगपुऱ्यातल्या दुकानातून आणलेली पिठाची पिशवी पायानं चुलीमागं सारली, म्हणजे आत कुणी आलं तर दिसायला नको.