गवताच्या पट्ट्यातली चिंधी

डवरणीच्या, म्हणजे पिकातलं तण काढायच्या वेळी गयाबाई बैलांच्या मागे कधी चालली नाही. पुढे चालायची, कमरेत वाकून, कपाशीच्या ओळी पाहत. घरटं दिसलं की हात वर. "थांबा ना ओ, लेकुरवाळी बसली हाय."

मी चिडायचो. "अवं, तुह्या पाखरापायी दिवस बुडते."

"बुडू द्या. उद्या दुसरा निघते."

ही माझी बायको. शाळा तिला नाही, मला दोन यत्ता.

बीटी कपाशी आली तसे लोकांनी धुरे, म्हणजे बांधसुद्धा नांगरले. गवत उरलं नाही. पुढे बोंडअळी आली, फवारे वाढले. गयाबाईनं मात्र वावराच्या खालच्या अंगाला गवताचा एक पट्टा माझ्याशी भांडून राखला. तिथं एका पावसाळ्यात तणमोरीण अंड्यांवर बसली. हा कोंबडीएवढा पक्षी आमच्या भागात आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. गयाबाई मला घरटं दुरूनच दाखवायची. "जवळ जासान तर उठन ते."

त्याच साली आमच्या वावरातून गॅसची पाइपलाइन निघाली. मोजणीवाले काठ्यांना लाल चिंध्या बांधून गेले. त्यांची ओळ गवताला चुकवून जात होती. गयाबाई म्हणाली, "वाचली बाई." आणि दोन दिवस माहेरी गेली, वरवट बकालला.

मला वाटलं, नाली खोदणाऱ्या मशीनवाल्याला घरटं कळलं पाहिजे. मी तिथं काठी रोवली, तिच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. अक्कल तेवढीच.

ती परतली त्या सकाळी मशीन गवतात शिरलं होतं. ती धावत जाऊन आडवी उभी राहिली, मी तिच्या मागे.

"मावशी, बाजूले व्हा. आमची निशाणी हाय इथं."

तिनं चिंधी पाहिली. काठ ओळखला. मग माझ्याकडे पाहिलं. "निशाणी नाही भाऊ, माह्यं लुगडं हाय. आमच्या म्हाताऱ्याचा कारभार."

मशीनवाला हसला. भला माणूस, मशीन मागे घेतलं. अंडी शाबूत होती, पण तणमोरीण उडून गेली होती. गयाबाई तीन दिवस लांब बाभळीखाली बसून राहिली. तणमोरीण परत आली नाही. चौथ्या दिवशी गयाबाईनं अंड्यांना हात लावला. गार.

मी म्हणालो, "माह्यं चुकलं."

"चुकलं त चुकलं. पन मले सांगाचं तरी होतं. तुमी सांगतच नाही कधी, करून मोकळे होता."

खरंच होतं.

गेल्या हिवाळ्यात ती छातीच्या दुखण्यानं गेली. यंदा पेरणीआधी पोरगा म्हणाला, "बाबा, तो पट्टा नांगरून टाकू का?"

"नाही."

"काऊन?"

मग त्याला चिंधीचं सगळं सांगितलं. इतकी वर्षं घरात कोणाला माहीत नव्हतं, गयाबाईनंही सांगितलं नव्हतं. पोरगा ऐकून घेऊन बैल सोडायला गेला.

गवत आता गुडघ्याएवढं झालंय. तणमोरीण आलेली नाही. मी रोज जातो. लांबूनच पाहतो.